ब्लॉगलेखन : कोकणातील एक नवा जोडधंदा

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेस भिडून, दोडामार्ग तालुका वसलेला आहे. पूर्वी सावंतवाडी तालुक्यात मोडणारी ही गावे वेगळी काढून १९९९ साली हा तालुका अस्तित्वात आला. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, मधून वाहणारी तिलारी नदी, महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांनी मिळून उभारलेला तिलारी पाटबंधारे प्रकल्प आणि चहूकडे काजू, सुपारी, नारळ, केळी व अननसाच्या बागा असे या भागाचे स्वरूप आहे. पाऊस उदंड आहे, माती सकस आहे. परंतु कारखाने आणि नोकऱ्या बहुतांशी सीमेपलीकडे आहेत. तालुक्यातील होतकरू तरुण सकाळी दुचाकी काढतो आणि डिचोली किंवा म्हापशाच्या दिशेने निघतो. ज्यांना तेही साधत नाही ते मुंबई-पुण्याची वाट धरतात. घरी राहून, बागायत सांभाळून चार पैसे अधिक मिळतील असा जोडधंदा कोणता, हा प्रश्न म्हणूनच येथे जुना आहे. कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय, मधमाशापालन ही त्याची पूर्वापार उत्तरे होत. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका उत्तराची भर पडली आहे. ते म्हणजे ब्लॉग लिहिणे.

ब्लॉगमधून पैसे मिळतात, हे खरे आहे. मात्र ते कोण देतो, कशाबद्दल देतो, किती देतो आणि केव्हा देतो, याची नेमकी कल्पना फार थोड्यांना असते. कोंबड्या पाळण्यापूर्वी खाद्याचा, औषधाचा आणि अंड्यांच्या भावाचा हिशेब मांडणारा शेतकरी या नव्या धंद्यात उतरताना मात्र कोणताच हिशेब मांडत नाही. असा हिशेब मांडून पाहिला असता काही गोष्टी अपेक्षेपेक्षा निराळ्या दिसू लागतात.

ब्लॉगची जन्मकथा

आंतरजालावर वेळोवेळी लिहिलेल्या व तारीखवार लावलेल्या नोंदींची वही, असे ब्लॉगचे साधे वर्णन करता येईल. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ साली अमेरिकेत प्रचारात आला आणि १९९९ मध्ये त्याचेच ‘ब्लॉग’ हे लघुरूप झाले. मराठीत त्यास ‘अनुदिनी’ व ‘जालनिशी’ असे दोन सुरेख प्रतिशब्द सुचविण्यात आले. परंतु बोलण्यात ‘ब्लॉग’च रुळला. १९९९ सालीच ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. त्यामुळे संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्या माणसासही स्वतःचे पान विनामूल्य उघडता येऊ लागले. २००३ मध्ये गूगल कंपनीने ही सेवा विकत घेतली. त्याच वर्षी ‘वर्डप्रेस’ ही दुसरी लोकप्रिय प्रणाली अवतरली आणि त्याच वर्षी गूगलने लेखकाच्या पानावर जाहिराती लावून त्यांच्या उत्पन्नाचा वाटा त्याला देणारी ‘ॲडसेन्स’ ही व्यवस्था सुरू केली. लेखनासाठी फुकट वही आणि वहीच्या समासात भाड्याने देता येणारी जागा, या दोन्ही गोष्टी अशा एकाच सुमारास उपलब्ध झाल्या.

मराठी माणूस या क्षेत्रात उशिरा आला असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील मराठी मंडळींनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ सालीच सुरू केले होते. युनिकोड सर्वत्र रुळल्यावर देवनागरीत लिहिणे सोपे झाले आणि २००५ नंतर मराठी ब्लॉगांची संख्या झपाट्याने वाढली. प्रवासवर्णने, पाककृती, किल्ले, आठवणी असे नानाविध लेखन त्यांत झाले. त्यातील बहुतेक लेखन हौसेपोटी झाले, कारण त्यातून पैसे मिळण्याची सोयच नव्हती. जाहिरातीची ही व्यवस्था इंग्रजी आणि इतर मोठ्या भाषांपुरती होती. हिंदीचा तीत समावेश २०१४ च्या अखेरीस झाला आणि मराठीला तर त्यानंतरही काही वर्षे थांबावे लागले. आग्र्याचे अमित अगरवाल यांनी २००४ साली नोकरी सोडून ब्लॉगलेखन हाच पूर्णवेळ व्यवसाय केला आणि भारतातील पहिले व्यावसायिक ब्लॉगलेखक म्हणून ते ओळखले जाऊ लागले. त्यांचे लेखन इंग्रजीत होते, विषय संगणकाचा होता आणि वाचक जगभरचे होते. मराठीत त्याच मार्गाने जाऊ पाहणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

जाहिरातीचा पैसा

ब्लॉगवरील जाहिरात वर्तमानपत्रातील जाहिरातीसारखी आधी ठरलेली नसते. वाचकाने पान उघडले की ते पडद्यावर उमटेपर्यंतच्या क्षणार्धात त्या जागेचा लिलाव होतो आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्या जाहिरातदाराची जाहिरात तेथे झळकते. हा लिलाव यंत्रेच करतात. बोली किती लागेल हे लेखकाच्या शैलीवर फारसे अवलंबून नसते. वाचक कोणत्या देशात आहे, विषय कोणता आहे, भाषा कोणती आहे आणि त्या हंगामात जाहिरातदारांची गर्दी किती आहे, यांवर ते ठरते. विमा, कर्ज, घरबांधणी अशा विषयांस चांगला भाव मिळतो; कवितेस जवळजवळ मिळत नाही. पान वाचणारा मराठी माणूस अमेरिकेत किंवा आखातात बसलेला असेल, तर त्याच पानाचे मोल पुष्कळ वाढते.

जाहिरातदाराने मोजलेल्या रकमेतून मधल्या व्यवस्थेचा वाटा वजा जाता साधारण ६८ टक्के रक्कम लेखकाकडे येते, असे गूगलने जाहीर केलेले आहे. पूर्वी मोबदला मुख्यतः वाचकाने जाहिरातीवर टिचकी मारल्यास मिळत असे. २०२४ पासून जाहिरात किती वेळा दाखविली गेली, यावर तो मोजला जातो. खाते उघडण्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते.

पैसे हाती येण्याची रीत थोडी सविस्तर सांगणे योग्य होईल, कारण ग्रामीण भागातील अनेकांची गाडी नेमकी येथे अडते. खात्यात दहा डॉलर जमा झाले की पत्त्याची खातरजमा करण्यासाठी कंपनी टपालाने एक पत्र पाठविते. त्या पत्रात सहा आकडी संकेतांक असतो आणि तो खात्यात भरल्याखेरीज पुढील व्यवहार होत नाही. आंतरजालावरचा सगळा कारभार अशा रीतीने अखेर पोस्टमनच्या पिशवीवर येऊन टेकतो. पत्त्यात वाडीचे नाव, पोस्ट, तालुका व पिनकोड यांतील एखादी गोष्ट राहिली, की पत्र भलतीकडे फिरत राहते. कोकणात एकाच गावात एकाच आडनावाची पाच-पंचवीस घरे असतात. तेव्हा घराची ओळख पटेल असा मजकूर पत्त्यात लिहिणे श्रेयस्कर. खात्यावरील नाव व बँकेतील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. रक्कम परदेशातून बँकेत जमा होत असल्याने बँकेचा आंतरराष्ट्रीय संकेतांक लागतो. लहान शाखेस तो स्वतंत्र नसतो. अशा वेळी त्याच बँकेच्या मोठ्या शाखेचा संकेतांक चालतो काय, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

आणखी एक बाब. स्वतःच्या पानावरील जाहिरातीवर स्वतः टिचकी मारणे किंवा दुसऱ्यास तसे करावयास सांगणे नियमबाह्य आहे आणि त्यामुळे खाते कायमचे बंद होऊ शकते. गावात मात्र हे हमखास घडते. मुलाने ब्लॉग काढला हे कळताच मित्र, भावकी आणि चुलतभाऊ प्रेमापोटी दिवसभर जाहिराती दाबत बसतात. त्यांचा हेतू मदतीचा असतो. यंत्राला तो फसवणुकीसारखाच दिसतो.

प्रत्यक्ष हिशेब

समजा, एका मराठी ब्लॉगवर एक हजार पाने पाहिली गेली असता लेखकाच्या हाती ३० रुपये पडतात. हा आकडा केवळ हिशेबासाठी धरलेला आहे. प्रत्यक्षात तो विषयागणिक आणि ऋतूगणिक कमीअधिक होतो. खात्यात १०० डॉलर जमा झाल्याखेरीज कंपनी रक्कम पाठवीत नाही. डॉलरचा भाव ९० रुपयांच्या आसपास धरल्यास ही रक्कम नऊ हजार रुपये होते. म्हणजे पहिली रक्कम मिळण्यासाठी तीन लाख पाने पाहिली जावी लागतात. नव्या ब्लॉगला महिन्याला दहा हजार पाने हा काही वाईट आकडा नव्हे. त्या गतीने महिन्याचे उत्पन्न ३०० रुपये होईल आणि पहिली रक्कम बँकेत येण्यास तीस महिने, म्हणजे अडीच वर्षे लागतील.

हाच हिशेब श्रमाच्या बाजूने मांडून पाहावा. आठवड्यास दोन लेख आणि प्रत्येक लेखास माहिती गोळा करणे, लिहिणे, छायाचित्रे घेणे व ती चढविणे मिळून सहा तास धरले, तर महिन्यास ४८ तास, म्हणजे आठ तासांचे सहा दिवस होतात. रोजगार हमी योजनेतील महाराष्ट्रासाठीचा २०२५-२६ सालचा मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सहा दिवसांचे १,८७२ रुपये झाले. केवळ त्या मजुरीची बरोबरी करण्यासाठी या ब्लॉगलेखकास दरमहा बासष्ट हजारांहून अधिक पाने वाचली जाण्याची व्यवस्था करावी लागेल. वीज, मोबाइलचा खर्च आणि स्वतःचे पत्तानाव घेतले असल्यास त्याचे वार्षिक शुल्क यांचा विचार यात केलेलाच नाही.

मराठी वाचकांच्या संख्येकडे पाहता बासष्ट हजार हा आकडा अशक्य नव्हे. गणेशोत्सवाच्या आधी चाकरमानी गावच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा कोकणावरील एखाद्या चांगल्या लेखाला तेवढे वाचक काही दिवसांत लाभूही शकतात. परंतु दर महिन्यास, वर्षानुवर्षे ते लाभणे ही निराळी गोष्ट आहे. जाहिरातीच्या उत्पन्नावर घर चालेल अशा समजुतीने गोव्यातील हातची नोकरी सोडणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

मग ब्लॉग कशासाठी लिहावा?

वरील हिशेबातच याचे उत्तर दडलेले आहे. दोडामार्ग बाजारपेठेतील एखाद्या लॉजच्या किंवा रोपवाटिकेच्या मालकाने त्याच ब्लॉगवर थेट जाहिरात दिली आणि महिन्यास ५०० रुपये दिले, तर ती रक्कम सोळा-सतरा हजार पानांच्या उत्पन्नाएवढी होते. मधला दलाल नाही, डॉलर नाही आणि तीस महिन्यांची प्रतीक्षाही नाही. आता त्याहून पुढची पायरी पाहावी. समजा, साटेली-भेडशी परिसरातील एक बागायतदार आपल्या बागेविषयी लिहितो. झाडावर मोहोर कधी आला, वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जातींत त्याला स्वतःला काय फरक जाणवला, बी वाळविली कशी, फोडली कशी, हे सर्व तो छायाचित्रांसह मांडतो. ते वाचून पुण्यातील काही कुटुंबे त्याच्याकडून हंगामात वीस किलो काजूगर मागवितात. व्यापाऱ्यास देण्याऐवजी थेट विकल्याने किलोमागे १५० रुपये अधिक सुटले, असे धरले तर तीन हजार रुपये झाले. जाहिरातीतून तेवढेच मिळविण्यास एक लाख पाने लागली असती. येथे कदाचित दोनशे वाचक पुरले असतील.

थोडक्यात, ज्याच्यापाशी विकण्याजोगे काही आहे त्याचा ब्लॉग पिकतो. काजूगर, आमसुले, कोकमाचे आगळ, सुपारी, बागेत बांधलेली राहण्याची खोली किंवा रानवाटा दाखविण्याचे कौशल्य, यांपैकी काहीही चालेल. ज्याच्यापाशी विकण्यासारखे केवळ वाचकाचे लक्ष आहे, त्यास फारच मोठा वाचकवर्ग लागतो.

सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली घोषित झाला. पर्यटक मात्र दीर्घकाळ मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले या किनाऱ्यालगतच घुटमळत राहिला. मांगेलीचा धबधबा, तिलारीचे खोरे, देवराया आणि चिऱ्याच्या घरांतील पाहुणचार यांची वार्ता किनारा सोडून आत येण्यास फार वेळ लागला. आणि ती आणली मुख्यतः अशाच हौशी लेखकांनी व चित्रफिती करणाऱ्यांनी. प्रसाद गावडे यांची ‘कोकणी रानमाणूस’ ही वाहिनी हे याचे ठळक उदाहरण होय. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने सिंधुदुर्गातील रान, शेती आणि जुनी राहणी यांवर चित्रफिती केल्या आणि निसर्गास धक्का न लावणाऱ्या पर्यटनाची जोड त्यांस दिली. मालवण भागातील ‘मालवणी लाइफ’ ही वाहिनीही अशीच घराघरांत पोहोचली आहे.

या दोन्ही उदाहरणांत लेखनापेक्षा चित्रफितीवर भर आहे, हे खरे. आजचा तरुण ब्लॉग म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा चित्रफीतच असते. तिचे अर्थशास्त्र मूलतः तेच आहे. पण प्रवेशाच्या अटी अधिक कडक आहेत. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी एक हजार सदस्य आणि त्याखेरीज बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण अथवा नव्वद दिवसांत लघुफितींची एक कोटी प्रेक्षणे, अशी अट आहे. मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातीच्या उत्पन्नाचा ५५ टक्के भाग निर्मात्यास मिळतो. डोंगराच्या कुशीतील ज्या वाड्यांत मोबाइलचा संपर्क अजून येतो-जातो, तेथे मोठी चित्रफीत चढविण्यास अख्खी रात्र जाऊ शकते. लिखित लेखास व चार छायाचित्रांस तेवढा त्रास पडत नाही. हा लेखी ब्लॉगचा एक साधा, पण खेड्यात महत्त्वाचा फायदा आहे.

दुसऱ्याच्या वस्तूची शिफारस करून विक्रीवर दलाली मिळविण्याचाही एक प्रकार आहे. मोठ्या विक्री-संकेतस्थळांच्या अशा योजना आहेत. फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, कलमाची कात्री अशा वस्तू स्वतः वापरून त्यांविषयी खरेखुरे लिहिणाऱ्यास यातून थोडेफार मिळते. न वापरलेल्या वस्तूची स्तुती वाचकाच्या लगेच ध्यानात येते, आणि तो वाचक पुन्हा फिरकत नाही.

विषयाची निवड

‘कोकमचे दहा फायदे’ अशा मथळ्याचे लेख आंतरजालावर शेकड्यांनी आहेत. असा आणखी एक लेख लिहून काही साधत नाही. त्यातच २०२४ पासून शोधयंत्र स्वतःच अनेक प्रश्नांच्या उत्तराचा सारांश पानाच्या माथ्यावर देऊ लागले आहे. ज्याची जिज्ञासा त्या चार ओळींत भागते, तो वाचक मूळ लेखापर्यंत येतच नाही. इकडून-तिकडून माहिती गोळा करून लिहिणाऱ्यांचा धंदा यामुळे बसू लागला आहे. ज्याने स्वतः पाहिले आणि केले आहे, त्याच्या लेखनाला मात्र पर्याय सहजी मिळत नाही. यंदा पावसाने ओढ दिल्यावर सुपारीची गळ कशी झाली, हे बागेत उभ्या असलेल्या माणसालाच सांगता येते.

भाषेचाही येथे विचार करावा लागतो. रातांब्याच्या झाडाचे फळ ते भिरंड, त्याची वाळविलेली साल म्हणजे सोलं, घाटावर त्यांनाच आमसुले म्हणतात आणि बाजारात कोकम. पुण्याचा ग्राहक ‘आमसूल’ शोधतो, गोव्याचा ‘सोलां’ शोधतो आणि दुकानदार ‘कोकम’. लेखात हे सर्व शब्द ओघाने आले, तरच तो लेख तिघांनाही सापडेल. ओल्या काजूगरांची उसळ, काळ्या वाटाण्याचे सांबारे, घावणे, पावसाळ्यातील फोडशी व टाकळा यांचेही तसेच. घरातील आजीच्या तोंडचा शब्द आणि शहरातील वाचकाचा शब्द, दोन्ही नोंदविणे हे धंद्याचे काम आहे. त्यातून बोलीची नोंद राहते, हा वरचा लाभ. पत्तानावसुद्धा देवनागरीत घेता येते, ‘.भारत’ हे नाव २०१४ पासून उपलब्ध आहे.

एका विषयाच्या बाबतीत मात्र लेखणीस आवर घालणे जरूर आहे. कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती २००२ पासून या तालुक्यात वावरत आहेत. त्यांनी बागायतीचे अतोनात नुकसान केले आहे. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले येथील एका वृद्ध शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यूही झाला. तिलारीच्या खोऱ्यातील सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर वनक्षेत्र २०२० साली संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले आणि तेथे पट्टेरी वाघाचाही वावर आहे. अशा विषयांवरील लेखास वाचक भरपूर मिळतात, म्हणून मोह होतो. परंतु हत्ती आज कोणत्या वाडीजवळ आहे हे ब्लॉगवर जाहीर केले, की बघ्यांच्या मोटारी तेथे लोटतात आणि त्याची किंमत लेखकाला नव्हे, त्या वाडीला मोजावी लागते. नुकसानभरपाईचा अर्ज कसा करावा, पंचनाम्यास कोणते कागद लागतात, रात्री बागेत जाताना कोणती खबरदारी घ्यावी, यावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. ते लिहिणारे थोडे आहेत.

कायदा, कर आणि सावधगिरी

ब्लॉगचे उत्पन्न, मग ते परदेशातून आलेले असले तरी, भारतात करपात्र उत्पन्नात मोजले जाते. रक्कम लहान असली तरी बँकेची जमा-पत्रे जपून ठेवावीत आणि विवरणपत्रात ती दाखवावी. खाद्यपदार्थ विकावयाचे असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे. घरातील खोल्या पर्यटकांस देण्यासाठी ‘न्याहारी व निवास’ योजना आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास आणि वेंगुर्ला काजूस भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. परंतु ते मानांकन आपल्या पाकिटावर व ब्लॉगवर मिरविण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. केवळ त्याच जिल्ह्यात बाग आहे एवढे पुरत नाही.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन एखाद्या मालाची शिफारस केली असेल, तर तसे वाचकास स्पष्ट सांगणे केंद्र शासनाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुसऱ्याचे छायाचित्र किंवा लेख उचलणे हा प्रताधिकाराचा भंग होय. याच कायद्याचे संरक्षण ब्लॉगलेखकाच्या स्वतःच्या लेखनासही आपोआप मिळते. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही.

खात्याची सुरक्षितता हा गौण विषय मानू नये. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही पाककृतींची वाहिनी लाखोंच्या पसंतीस उतरली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ती चोरट्यांनी ताब्यात घेतली. सुदैवाने काही दिवसांत ती परत मिळाली. खात्यास दुहेरी पडताळणी लावणे आणि आपला संकेतशब्द कोणासही न सांगणे, हे दोन उपाय काहीही खर्च न करता करता येतात.

या धंद्यातील सर्वांत भरवशाचे उत्पन्न कधी कधी ब्लॉग लिहिणाऱ्यास न मिळता ब्लॉग शिकविणाऱ्यास मिळते, हेही नमूद केले पाहिजे. ‘घरबसल्या महिन्याला पन्नास हजार’ अशा जाहिराती देऊन काही हजार रुपयांचे शिक्षणक्रम विकले जातात. त्यांत सांगितली जाणारी बहुतेक माहिती संबंधित कंपन्यांच्या साहाय्यपानांवर विनामूल्य उपलब्ध असते. आणखी पुढचा प्रकार म्हणजे आधी ‘नोंदणी शुल्क’ भरा, मग लेखनाचे काम देऊ, असे सांगणाऱ्यांचा. काम देणारा पैसे मागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी यातून बचाव होतो. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्यता क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

कामाचे वेळापत्रक

नवा लेख शोधयंत्राच्या नजरेत येऊन वाचकांपुढे स्थिरावण्यास काही आठवडे, पुष्कळदा काही महिने लागतात. शेतीचे वेळापत्रक जाणणाऱ्यास हे समजणे अवघड नाही. दोडामार्गात जून-जुलै लावणीत जातो. त्यानंतर बागायतदारास थोडी उसंत असते आणि पावसामुळे घरात बसणेही भाग असते. मात्र याच दिवसांत वीज वारंवार जाते, तेव्हा मजकूर कागदावर लिहून ठेवावा आणि वीज आली की चढवावा. पावसाळी धबधब्यांवरील लेख मे महिन्यापूर्वी तयार असावा. गणपतीच्या सामानाविषयी लिहावयाचे तर ते आषाढातच. ओल्या काजूगरांची चौकशी शहरांतून फेब्रुवारीपासून सुरू होते, म्हणून त्यांच्याविषयीचा लेख दिवाळीपूर्वी आंतरजालावर गेलेला असावा लागतो आणि त्यासाठी लागणारी मोहोराची, बोंडूंची व फोडणीची छायाचित्रे आदल्या हंगामातच काढून ठेवावी लागतात.